मामाच्या जागी सुपारी

द्वारकेच्या स्टॉपवर देवळाली कॅम्पची बस काही येईना, तेव्हा निवृत्त मुख्याध्यापक गायधनी सरांनी बाकावरच्या दोघी जावांच्या बोलण्याकडे कान दिला. त्यातली थोरली, फुलांची रिकामी पाटी मांडीवर घेतलेली साळूबाई, भडकलेली होती.

"माझ्या वेदिकाच्या लग्नाला भाऊ येणार नाय म्हणे. सख्खा मामा! म्हणतो, आधी जमिनीच्या हक्कसोडीवर सही कर, मगच भाचीमागं उभा राहतो."

"मग टाका करून सही, आक्का."

"मरंन, पण करणार नाय! बापाचं आजारपण मी काढलं. हा तेराव्याला पाहुण्यासारखा आला, जेवला, गेला!"

"हळू बोला. लोक ऐकतायत."

"ऐकू दे! त्या सायबांना तर कवापासून ऐकू येतंय."

सर बसची पाटी वाचू लागले. बस आलेली नव्हती.

"पण मंगलाष्टकाला पोरीमागं कोण उभं राहणार?"

"गणपती. गुरुजींना सांगितलंय, पाटावर सुपारी मांडा. तोच मामा."

"काय म्हणले गुरुजी?"

"म्हणले, हे शास्त्रात नाय. मी म्हणलं, भाऊ असा वागतो, ते कुठल्या शास्त्रात हाय?"

"अहो, पण देव येईल का मामा म्हणून?"

"न यायला काय झालं? पहिली पत्रिका त्याला दिली, दुसरी भावाला. भाऊ तोंडावर नाय म्हणला. देव अजून नाय म्हणलेला नाय!"

"आन् ऐनवेळी भाऊ आलाच तर?"

साळूबाईनं रिकाम्या पाटीला चिकटलेली पाकळी नखानं काढली.

"आला तर येऊ दे मेल्याला. सुपारीच्या मागं उभा राहील."