मोरीमागचा लव्हाळा

सर : ...आणि देठ गोल नाही, बरं का आत्याबाई. तीन धारा असतात, बोटांत फिरवला की लागतात. टोकाला तपकिरी तुरा, त्याच्याखाली लांब पानं. आहे लव्हाळ्याच्याच कुळातला, पण फार थोड्या ठिकाणी उगवतो. डोंगरापलीकडच्या पाणथळीत आहे आणि मग एकदम इथे, तुमच्या नदीकाठी. मधे कुठेच नाही.

आत्या : नदीकाठी? अगं, हा तर आपल्या...

भाची : आत्या, चहा उतू जाईल. चल आत.

सर : सावकाश होऊ द्या. आज सगळा काठ पालथा घातला, गुडघ्यानं जीव घेतलाय. उद्या पलीकडचा काठ बघतो. आमच्या वनस्पतींच्या पाहणीत तुमच्या भाचीनं नोंद केलीय म्हणजे असणारच.

(स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात.)

आत्या : चहा अजून ठेवलेलासुद्धा नाही. काय गं, तो तू मोरीमागून उपटून नेलास ना? माझ्या डोळ्यांदेखत?

भाची : हळू बोल.

आत्या : मग मधेच नदी कुठून आली?

भाची : ऑफिसात सगळ्यांसमोर विचारलं, कुठे मिळाला म्हणून. तोंडातून नदीकाठ निघून गेलं. मग तेच लिहिलं.

आत्या : पण का?

भाची : काय सांगणार होते? आमच्या मोरीचं पाणी साचतं तिथे? भांडी घासलेलं, आंघोळीचं?

आत्या : त्याच मोरीत न्हाऊ घातलंय तुला.

भाची : तुझी लाज नाही गं वाटली.

आत्या : घर माझंच आहे.

(भाची फळीवरून बशी काढते.)

आत्या : आणि हा बिचारा उद्या परत चिखलात उतरणार.

भाची : सांगितलं तर माझ्या सगळ्या नोंदी तपासतील. पुढच्या पाहणीला नेणार नाहीत मला.

आत्या : मग नको सांगूस. मी नाही बोलायची काही. बिस्किटं चांगल्या बशीत काढ, टवका उडालेली नको.

सर : (बाहेरून) आत्याबाई, जरा गरम पाणी मिळेल का? गुडघा शेकतो.

आत्या : आणते हं! ...अगं, कुठे निघालीस?

भाची : सर, नदीकाठी नाहीये तो. मी खोटं लिहिलं. इथे मागच्या दारी आहे, मोरीच्या पाण्यावर.

सर : इथे?

भाची : हो.

सर : आणि मी दिवसभर... बरं. नोंदीचं उद्या ऑफिसात बोलू. बोलावं लागेल. आधी दाखव.

आत्या : थांबा, थांबा साहेब! दोरीवरचे परकर तरी काढू द्या मला.