वाचून दाखवले, बरोबर आहे

(तुरुंगातल्या दवाखान्याची खोली. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टर ज्योत्स्ना, खटला सुरू असलेला कैदी जालिंदर आणि त्याला घेऊन आलेले सुभेदार रामकिसन. पावणेपाच वाजले आहेत. साडेपाचला कैद्यांची गिनती, मग बराकी बंद.)

डॉक्टर : म्हणजे पाय घसरला आणि लागलं पाठीला?

रामकिसन : म्याडम, माणूस घसरला की कुठं कुठं लागंल, ह्याचा काही कायदा न्हाई. तेहतीस वर्षं सर्व्हिस झाली माझी. न्हाणीत पडून एकाच्या कानाला दात लागलेले बघितलेत मी.

डॉक्टर : न्हाणीला दात होते?

रामकिसन : चौकशी चालू हाय. अहवाल यायचाय.

डॉक्टर : जालिंदर, शर्ट काढ. हे पट्ट्याचे वळ आहेत. इथे तर बक्कल उमटलंय. कोणी मारलं?

जालिंदर : पडलो, म्याडम.

डॉक्टर : कुठे?

जालिंदर : तीन नंबरच्या न्हाणीत.

डॉक्टर : तिथल्या नळाला शेवटचं पाणी कधी आलं होतं?

जालिंदर : बारा दिस झाले असतील.

डॉक्टर : मग घसरलास कशावरून?

रामकिसन : कोरड्यावरून. आपला जिल्हा हाय, म्याडम. हितं पाण्यावरून घसरायचं म्हणलं तर टँकरची वाट बघावी लागंल.

डॉक्टर : सुभेदार, जरा बाहेर थांबता का?

रामकिसन : थांबलो असतो. पण कैद्याला एकटं सोडू नये, असा नियम हाय. त्याच्या सुरक्षेसाठी.

डॉक्टर : सुरक्षेसाठी!

रामकिसन : भिंतीवर लिवलंय की. पेंटरकडून.

जालिंदर : म्याडम, मलम लावा आन् सोडा मला. गिनतीला उशीर झाला तर अजून बोंब हुईल.

डॉक्टर : आज त्याच बराकीत झोपणार?

जालिंदर : मग कुठं जाऊ?

डॉक्टर : बदलून माग.

रामकिसन : मागता येती. अर्ज करायचा, धोका कुणापासून हाय त्याचं नाव लिवायचं. अर्ज बराकीच्या वॉर्डरकडं द्यायचा. वॉर्डर म्हंजे जुना कैदीच. तो आणून देतो हापिसात.

डॉक्टर : वॉर्डर कोण आहे?

रामकिसन : सिदूचा गाववाला.

डॉक्टर : सिदू कोण? हे नाव तर अजून कोणी घेतलंच नव्हतं.

रामकिसन : मीबी घेतलं न्हाई.

जालिंदर : आता कशाला झाकताव, सायेब? म्याडम, वाळूच्या ट्रॅक्टरखाली कोतवालाचा पाय गेलता. ट्रॅक्टर मालकाचा मेव्हणा चालवीत हुता. मी मागं ट्रॉलीत बसलतो. सिदू मालकाचा मानूस, आमच्याच बराकीत हाय. मंगळवारी माझी तारीख हाय. तो म्हन्तो, कोर्टात म्हन, मीच चालवीत हुतो. न्हाई म्हनलास तर मंगळवारपस्तोर रोज घसरशील.

डॉक्टर : मग लिही हे. मी पुढे पाठवते.

जालिंदर : माय तलवाड्यात एकटी हाय माझी. सरूबाईचं पोरगं आपल्या मानसाचं नाव घेतंय म्हनल्यावर मालक तिला गावात पानी भरू दील का? म्या पडलो म्हनतो. लिवा तसंच.

रामकिसन : शाना हाईस. जबाब तयारच हाय. सही केली की मोकळा. पद्धतीपरमानं वाचून दाखवतो, नीट ऐक. ‘मी, बंदी नामे बद्रीनाथ...’

जालिंदर : कोन?

रामकिसन : जालिंदर. जालिंदरच म्हणलो.

डॉक्टर : बद्रीनाथ म्हणालात. द्या इकडे. ‘स्नानगृहात सांडलेल्या पाण्यावरून पाय घसरून पडलो. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मी राजीखुशीने त्याच बराकीत परत जात आहे. वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ सुभेदार, हा जबाब कोणाचा?

रामकिसन : मागच्या महिन्यातला हाय. मजकूर चांगला जमलता, म्हणून उतरून घेतला. नाव बदलायचं राहिलं.

जालिंदर : कडा गावचा बद्रीनाथ? माझ्या शेजारी झोपायचा. सुटला म्हनलेव तुमी.

रामकिसन : हलवला, असं म्हणलो आसंन.

जालिंदर : कुठं हलवला?

रामकिसन : संभाजीनगरला. दवाखान्यात.

डॉक्टर : या जबाबानंतर किती दिवसांनी?

रामकिसन : दिस कसले. त्याच सांजंला. गिनती झाली, बराक बंद झाली, आन् अर्ध्या तासात बोंब उठली.

जालिंदर : आता कसा हाय? डोळे उघडले का त्यानं?

रामकिसन : एक उघडला.

जालिंदर : म्या न्हाई जायचा. सायेब, पाया पडतो तुमच्या. कुठंबी कोंडा, संडासात कोंडा, पन तिथं नका नेऊ.

रामकिसन : ऊठ बे. ऊठ म्हणतो ना. पाया कशाला पडतो?

डॉक्टर : सव्वापाच झाले. याला मी देखरेखीखाली इथेच ठेवते, दाराशी शिपाई बसवा. पण सकाळी कागद जेलरसाहेबांपुढे जाईल. त्यावर ‘घसरला’ असेल तर नऊ वाजता हा परत तीन नंबरमध्ये. वळ पट्ट्याचे, एवढं मी लिहीन; पण कोणी मारलं, हे कोणीतरी सांगायला हवं.

जालिंदर : आन् माय?

रामकिसन : तू गप बस. म्याडम, त्यानं न्हाई सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं, तर चालतंय का?

डॉक्टर : ज्याने पाहिलं, त्याने सांगितलेलं चालतं.

रामकिसन : मग लिवा. तुमीच लिवा, मी सांगतो. मी, सुभेदार रामकिसन...

डॉक्टर : तुमची पेन्शन तीन महिन्यांवर आलीय ना?

रामकिसन : अडीच. लिवा. आज दुपारी दीड वाजता, तीन नंबर बराकीत, सिदू आन् आणखी दोघांनी जालिंदरला पट्ट्यानं मारलं. मी सोता बघितलं. जालिंदरनं कुणाचं नाव घेतलेलं न्हाई, हे येगळं लिवा. ठळक.

डॉक्टर : लिहिलं. किती वेळ मारत होते?

रामकिसन : धा मिनटं. जास्तच.

डॉक्टर : तुम्ही कुठे होता?

रामकिसन : दारात. गजाच्या अल्याड.

जालिंदर : सायेब, म्या हाका मारीत हुतो.

रामकिसन : आल्या ऐकू. तेबी लिवा, म्याडम.

डॉक्टर : दाराला कुलूप होतं?

रामकिसन : दुपारची बराक बंद असती. हुतं.

डॉक्टर : आणि किल्ली कुठे होती?

रामकिसन : हातात.