शेवडे गुरुजींचं सुंदर पार्सल

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. मनापासून केलेली सेवा पोचते का? — ‘पोचते महाराज’ म्हणायची घाई करू नका! आधी कथा ऐका.

खानापूरला एक शेवडे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तालुक्यातल्या विहिरींवर पुस्तक लिहिलं. विहिरींवर! हसता काय? पाणी पिता ना? पुस्तक छापलं स्वतः, आणि टपालाने पाठवायचंही स्वतःच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही!

ऑर्डर आली, की गुरुजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून घराच्या पुढच्या सोप्यात बसायचे. खाकी कागद, पुठ्ठा, सुतळी, लाख! वळणदार अक्षरात पत्ता. आणि पत्ता लिहिताना त्या वाचकाचं घर डोळ्यांपुढे उभं राहायचं — हे परभणीचे देशमाने, आत्ता जेवून पडले असतील. पुस्तक बघून उठून बसतील! अहो, आनंद म्हणजे काय आनंद! पोष्टात पार्सल देताना त्यांचे डोळे भरून यायचे. लेक सासरी निघाल्यासारखे!

बायको शकूताई म्हणायच्या, “अहो, पुस्तक पाठवताय की रुखवत मांडताय?”

एक दिवस उदगीरहून फोन. “गुरुजी, मी कौसल्या. रावजी बेलदार माझे वडील. तुमच्या पुस्तकात त्यांनी खोदलेल्या विहिरीचं लिहिलंय म्हणे. पुढच्या सोमवारी वर्षश्राद्ध आहे. चार माणसांत वाचायचंय. जन्मभर विहिरी खोदल्या हो त्यांनी, पण नाव कुठं लागलं नाही.”

गुरुजी गहिवरले! पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईने पानभर मजकूर लिहिला आणि पुस्तक वाळायला खिडकीत ठेवलं. तोवर कागद कापू म्हणाले. माप हवं ना? मग स्वयंपाकघरातून तेवढ्याच आकाराची शकूताईंची पाककृतींची वही आणली. मापाला बरं का, फक्त मापाला! कागद गुंडाळून पाहिला, तर घड्या अशा सुरेख पडल्या, की मोडवेनात. हात भक्तीत रंगले, मंडळी! वर पुठ्ठा, वर सुतळी, सात गाठी, लाख... पार्सल पोष्टात!

आणि पुस्तक? खिडकीत. शाई वाळतेय!

संध्याकाळी शकूताईंनी ते उचलून कपाटात ठेवलं आणि पुढे चार दिवस आपली वही शोधत बसल्या. संसार असाच चालतो.

सोमवारी सकाळी फोन वाजला. “गुरुजी, पार्सल मिळालं. बांधणी फार छान हो! गाठी सोडवताना नखं तुटली. पण आत लिंबाच्या लोणच्याची वही आहे. माणसं जमलीत. अण्णांच्या श्राद्धाला मी लोणचं वाचू का?”

  आणि गुरुजी म्हणतात कसे — “थांबा बाई, दुसरी प्रत लगेच बांधतो!”

बघा! अजून बांधायचंच सुचतंय! शकूताईंनी कपाटातलं पुस्तक आणून हातात कोंबलं. “बांधू नका! वाचा! फोन चालू आहे ना?”

गुरुजींनी वाचलं. ना सुतळी, ना लाख, ना आंघोळ! “एकसष्टाव्या दिवशी कातळ फुटला. पाणी लागलं. पण पहिली ओंजळ रावजी प्यायला नाही. काठावर कळशा घेऊन बसलेल्या बायकांना म्हणाला, आधी तुम्ही.”

पलीकडे कौसल्याने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला होता. मग कौसल्या म्हणाली, “गुरुजी, नाव पुन्हा एकदा घ्या. पूर्ण घ्या.”

“रावजी गंगाराम बेलदार,” गुरुजी म्हणाले. इतकी पार्सलं पाठवली, मंडळी, पण आपलं पुस्तक पोचलेलं त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं.

गुरुजी आजही स्वतःच बांधतात. तो आनंद सोडला नाही, सोडूही नये! फक्त आता आधी पुस्तक हातात घेतात, मग कागद कापतात.

आणि आपण? आईला वाढदिवसाला भारी साडी पाठवतो, वर पुष्पगुच्छ, वर मिठाई. बांधणी झकास! ती बिचारी विचारते, “तू कधी येतोस?” देवापुढे हार, तबक, धूप, कडक सोवळं — आणि मन कुठे? पार्किंगमध्ये! मीही त्यातलाच. हा फेटा बांधायला आज अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात वडिलांशी दोन शब्द बोललो असतो, तर काय बिघडलं असतं?

आरतीला अजून वेळ आहे. ज्याचा घरी फोन करायचा राहिलाय, त्याने बाहेर जाऊन करून यावा. आम्ही थांबतो.