मुक्ताची तपासणी

आमची लेक मुक्ता डॉक्टरच्या तपासणीत पास झाली का नापास, मला अजून कळलं न्हाई. तिला जे होतं त्याला आता ऑटिझम म्हणतात, तवा नावच ठाऊक नव्हतं. पोरगी स्वतःहून बोलायची न्हाई, ऐकलेलं तेवढं परत म्हणायची. हेडमास्तर म्हणले, "तपासणीचा कागद आणा, मग शाळेत नाव घालतो."

लातूर जिल्हा जुन्या जिल्ह्यातून फुटून नवाच झालेला, त्यात दुष्काळ. टँकरची लाईन बायकोवर सोडून मी मुक्ताला घेऊन अहमदपूरहून एसटीनं जुन्या जिल्ह्याला गेलो. कारकून म्हणला, "तुमचं काम तिकडं." नव्या जिल्ह्याला गेलो. तिथला म्हणला, "डॉक्टरच आले न्हाईत. तुमचं काम तिकडं." अशा लई चकरा झाल्या. मी नेमका कोणत्या जिल्ह्याचा, हेच मला समजंना.

शेवटी एकदाचे डॉक्टर भेटले. त्यांनी मुक्ताला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

मुक्ता म्हणली, "तुमचं काम तिकडं."

"बरं, वडलांचं नाव?"

"तुमचं काम तिकडं."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

मी म्हणलं, "साहेब, हेच उत्तर देणारे दोघं तर सरकारी नोकरीत हायेत!"