दहा मिनिटांचं दुखणं

नव्या औषधाच्या चाचणीत नाव नोंदवायला आलेल्या शिक्षिकेला शेजारच्या बाकावरचं बोलणं ऐकू येत होतं. एक म्हातारे शिंपी आणि चाचणीची नर्स बोलत होते.

“काका, तीन महिन्यांत गुडघेदुखी जराही कमी नाही?”

“पहिल्याच महिन्यात थांबली गं.”

“मग रोज फोनवर ‘दुखतंय’ असं का म्हणायचात?”

“थांबली म्हटलं की तू लगेच फोन ठेवणार. दुखतंय म्हटलं की दहा मिनिटं बोलतेस.”

“अहो, तुमच्या उत्तरांवरून औषधाचं ठरतं!”

“म्हणूनच आलोय. खरं लिही.”

“लिहिते. पण मग चाचणीतून तुमचं नाव निघेल. फोनही बंद.”

“माहीत आहे. लिही.”

नर्सने पेन उघडलं.

“जेवलात का, काका?”

“हे कागदावर विचारलंय?”

“नाही.”