रोहितचा कांद्याचा नाद

हसायचं तर हसा, पण त्या पोराला मी सुधारलं की बिघडवलं, हे मला अजून कळलेलं नाही. लासलगावच्या एका शाळेत मी मुलांचा मोबाईलचा नाद सोडवायला जाते. एकदा नववीतल्या रोहितची आई त्याला आणि त्याच्या फोनला घेऊनच आली.

"मॅडम, हा दिवसभर यातच असतो."

उघडून बघते तर गेम नाही, रील नाही, नुसते कांद्याच्या लिलावाचे व्हिडिओ!

"तुमची कांद्याची शेती आहे का?"

"नाय ओ, याचे पप्पा रिक्षा चालवतात. आम्हीच कांदा किलोनं विकत आणतो."

"मग यात काय बघतोस रे?" मी रोहितला विचारलं.

"कुठल्या ट्रॅक्टरमधल्या कांद्याला काय भाव निघेल, ते मी आधीच ओळखतो. लय मज्जा येते!"

गेमवर माझ्याकडे उपाय होता, यावर काय सांगणार? शेवटी नेहमीचंच सांगितलं, "फोन कपाटात ठेवा. आणि रोहित, तू जरा बाहेर पड, खऱ्या माणसांत मिसळ."

पंधरा दिवसांनी आई परत हजर.

"मॅडम, तुमचं लय ऐकलं त्यानं. मोबाईलला हात लावत नाय. शाळा बुडवून रोज लिलावात जाऊन उभा राहतो. मोबाईल परत देऊ का?"