तापल्यावर बंद

हॅलो? … हॅलो, ताई? … हो, मीच. येतोय का आवाज? … अगं गॅरेजमधून बोलतेय, शेजारी पत्रा ठोकतायत. थांब, बाहेर येते. … हां. आता?

… नाही, नाही, अपघात वगैरे काही नाही. धडधाकट आहे मी. … छोटी शाळेत आहे. ताई, आधी ऐकून घे. बाबांच्या गाडीची दुसरी चावी तुझ्याकडेच आहे ना? … अगं मीच दिली होती की! आठ महिने झाले. बाबांना तुझ्याकडे सोडलं तेव्हा. त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेव, असं मीच म्हटलं होतं. … हो, तीच. निळ्या दोऱ्याची. … हवीय ती. आजच, पाचच्या आत.

… विकत नाहीये गं! विकायची असती तर एवढी धावपळ कशाला केली असती? … काल बंद पडली. माझ्या हातात. पुलाच्या चढावर, मागे ही एवढी रांग. … मी काही केलं नाही! तिसऱ्या गिअरमध्ये होते, पाय जागच्या जागी, आणि इंजिन एकदम गप्प. स्टिअरिंग असं जड झालं की फिरवता फिरेना. … हो. बाबा सांगायचे ना, तस्संच.

… म्हणून तर आणली इथे. तो मागचा नाही गं, 'गाडी ठणठणीत आहे' म्हणणारा. हा दुसरा, गाडीच्या इलेक्ट्रिकचं बघतो. … ऐक ना. इंजिनाचं एक कंट्रोल मॉड्यूल असतं. डबा गं, पंजाएवढा. पेट्रोल कधी, किती, स्पार्क कधी, सगळं तो ठरवतो. तो बिघडलाय. आतलं सोल्डरिंग एका ठिकाणी सुटलंय. थंड असताना चिकटून राहतं, गरम झालं की उघडतं. … मग काय, गाडी बंद! आणि दहा मिनिटं उभी राहिली की परत शहाण्यासारखी सुरू. गॅरेजपर्यंत नेईतो थंडच झालेली असायची, सापडणार कसं?

… खात्री म्हणजे? माझ्या डोळ्यांदेखत केलं त्याने. इंजिन चालू ठेवलं आणि हेअर ड्रायर धरला त्या डब्यावर. … हो, केसांचाच. हसू नकोस. तीन मिनिटांत बंद. गार होऊ दिलं, सुरू. परत ड्रायर, परत बंद. तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, पुरे हो, कळलं. मला बघवेना.

… हो ना. म्हणजे त्या दिवशी चौकातही हेच. … नाही गं, पायबिय काही चुकला नव्हता बाबांचा. गाडीच बंद पडली होती.



… माहीत आहे. तू नुसतं 'जपून' म्हणालीस. ओरडले मी. मी पुढे त्यांच्या शेजारी, छोटी मागे तुझ्याजवळ, समोरून ट्रक… भानच राहिलं नाही. 'माझ्या पोरीला मारून टाकाल' म्हणाले. भर चौकात, लोक बघत असताना. … नको, माझी समजूत घालू नकोस. घाबरून एकदा बोलतो माणूस. मी महिनाभर बोलत होते. शेजारणीला, आत्याला, फोनवर, ते पलीकडच्या खोलीत असताना. 'ब्रेकऐवजी भलतीकडेच पाय पडला त्यांचा.' तोंडपाठ झालं होतं मला.

… आणि अजून एक. गाडीच्या कप्प्यात त्यांची छोटी वही सापडली. … अगं सवयच ती, पंपाच्या कारखान्यात रीडिंग घेण्यातच जन्म गेला त्यांचा. तारीख, वेळ, किती किलोमीटर झाले, आणि पुढे, 'तापल्यावर बंद. दहा मिनिटे थांबलो. सुरू.' … अकरा वेळा, ताई. मेकॅनिक म्हणतो, ही वही आधी आली असती तर अर्ध्या तासात निदान झालं असतं. … दाखवली होती गं! मला दाखवली होती. मी इस्त्री करत होते. वर न बघताच म्हटलं, 'बाबा, गाडीला कशाला नावं ठेवता?'

… चावी कशाला म्हणजे? अगं तसला डबा आता नवा मिळत नाही. भंगारात गेलेल्या तसल्याच गाडीचा आणलाय त्याने. तो बसवला की चाव्यांची ओळख नव्याने करून द्यावी लागते, सगळ्या चाव्यांची एकदम. आज जी चावी इथे नसेल तिने गाडी सुरूच होणार नाही. … हो, म्हणून. त्यांची चावी निकामी नाही होऊ द्यायची मला. मी येते न्यायला, तू नुसती काढून ठेव. … कपाटात टॉवेलांच्या मागे नाही? बघ ना नीट. … हळू बोल गं! ते कुठे आहेत? … तिथेच? मग सगळं ऐकलं की त्यांनी!

… काय म्हणतायत? … खालच्या कप्प्यात? त्यांना कसं माहीत? … पहिल्या आठवड्यापासून? … आणि एकदाही हात लावला नाही? … नको, नको, फोन नको देऊस, मी समोर येऊनच… अगं ताई!

… बाबा? … हो, बरी आहे. तुम्ही? … हो, गाडीचंच. … कंट्रोल मॉड्यूल, बाबा. … हो, तापल्यावर. तुम्ही म्हणत होता तेच. … हेअर ड्रायरने, हो. … डोकेबाज आहे खरा. सांगते त्याला.

… बाबा, माझं चुकलं. … नाही, बोलू द्या मला. मी तुम्हाला भर रस्त्यात नाही नाही ते बोलले. घरी येऊन चावी मागितली. तुम्ही जुडग्यातून नुसती घराची किल्ली तेवढी सोडवून घेतलीत. … तुमचं बरोबर होतं हो. अकरा वेळा लिहून ठेवलंत. … काय? … स्वतःची चूक झाकायला लिहिलंत? तुम्ही कशाला असलं लिहाल? कोणती चूक?

… नाही, बाबा. … नाही पडला पाय. … आठवतंय? असं कसं आठवेल? … बाबा, 'भलतीकडेच' हे मी म्हणायचे. माझे शब्द आहेत ते. … बूट सरकल्याचं आठवतंय? पण त्या दिवशी तुमच्या पायात चपला होत्या! … होत्या, बाबा. … मला तरी कुठे दिसला तुमचा पाय? मी ट्रककडे बघत होते. मी काहीच पाहिलं नाही. नुसतं बोलले.

… म्हणून जिना उतरताना ताईचा हात धरता? … चांगले आहेत हो पाय तुमचे. … ऐका ना माझं.

… हो दादा, आले, दोनच मिनिटं! … तुम्हाला नाही, बाबा. तो विचारतोय, चाव्या एक की दोन. … दोन सांगते. … चालवू नका हवं तर, नुसती जवळ ठेवा. … एकच? … का पण? … छोटी बसते गाडीत म्हणून? … बाबा, असं नका ना बोलू.

… नाही, रडत नाहीये. … 'वय झालं की होतं असं'? तुमचं काही झालेलंच नाही, बाबा! कसं सांगू तुम्हाला? … हं. … हं. … काय म्हणालात?

… मी? … मी माफ करू? तुम्हाला?

… बाबा, फोन ठेवू नका. … बाबा? … हॅलो?